चेंडू नसताना

दुपारच्या सुट्टीत गुणवंतने नेहमीप्रमाणे फोन डब्याला टेकवून आडवा ठेवला, घरच्या कॅमेऱ्याचं ॲप उघडलं, आणि पुण्यातल्या हॉलऐवजी त्याला तपकिरी अंधार दिसला. आधी वाटलं, नेट गेलं. सिंहगड रोडला नेट जाण्यात नवल ते काय. पण कोपऱ्यात ‘लाइव्ह’ लिहिलेलं होतं आणि अंधारही पुरता अंधार नव्हता. त्यात उजेडाची बारीक छिद्रं होती, ओळीने, एकाखाली एक. त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. लोकर होती ती. कॉफीच्या रंगाची. एका जागी टाका उसवून भोक रुंद झालेलं आणि त्यातून काहीतरी पांढुरकं दिसत होतं, सोफ्याचा हात असावा किंवा नसावा. आणि लोकर त्याच्या ओळखीची होती. आप्पांची कानटोपी. आप्पा, म्हणजे त्याचे वडील, दिवाळीत गेले. टोपी त्यांच्या कपाटात होती. टोपी काही आपल्या पायांनी कपाटातून निघून भिंतीवर चढत नाही. कुणीतरी स्टूल ओढून, टाचा उंच करून ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर घातली होती, आणि त्या घरात आता छायाशिवाय कुणी राहत नव्हतं.

सरळ गोष्ट म्हणजे बायकोला फोन करायचा आणि विचारायचं, अगं, कॅमेऱ्याला टोपी का घातलीस? पण विचारायचं म्हणजे आपण रोज बघतो हे सांगणं आलं. आप्पा गेल्यावरही बघतो, हे सांगणं आलं. गुणवंतने फोन पालथा घातला आणि डब्यातली गार पोळी चावत बसला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या त्या ऑफिसला खिडक्या होत्या, पण पडदे सदा ओढलेले, स्क्रीनवर उन्हाची तिरीप नको म्हणून. बाहेर एप्रिलचं ऊन फॅक्टऱ्यांच्या पत्र्यांवर रणरणत असायचं, ट्रेलर रिव्हर्स घेताना टीं टीं करायचे, आणि आत एसीत माणसं जाकीट घालून अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांची फुटबॉल मॅच बघत बसायची. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. त्यांचा तो हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू हातात धरून पळायचा. दर वसंतात तिकडचे धंदेवाईक संघ कॉलेजातून पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडण्याआधी त्या पोरांचं एकेक पाऊल कुणीतरी तपासलेलं असावं लागतं, आणि तो ‘कुणीतरी’ स्वस्तात मिळाला तर कुणाला नको असतो? पळायचं तिकडच्या पोरांनी आणि मार्क द्यायचे पुण्याच्या माणसाने दुबईत बसून. जगाची घडी ही अशी बसलेली आहे. तिला कोण काय करणार!

गुणवंतकडे वाइड रिसीव्हर होते. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की समोरच्या राखणदाराला हूल देऊन पळत सुटायचं, आणि मधला क्वार्टरबॅक चेंडू फेकेल तो झेलायचा, हे त्यांचं काम. अशा पोराकडे दहा खेळींतल्या एखाददुसऱ्या खेळीत चेंडू येतो. बाकी जग ती एखादी खेळी बघतं. गुणवंत उरलेल्या बघायचा. ही त्याची खासियत होती आणि कंपनीत तिला मान होता. संख्याशास्त्र शिकलेला माणूस, क्रिकेटची आकडेमोड करायला म्हणून इकडे आला, मग कंपनीने अमेरिकेचं काम धरलं आणि हाही त्याबरोबर तिकडे वळला. मैदानावर जाऊन एकही मॅच कधी बघितलेली नाही. पण चेंडू आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असताना माणूस कसा पळतो, त्यावरून तो माणूस कळतो, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते तो नव्या मुलांना जरा छाती काढूनच सांगायचा. त्यांना मिळायची ती कोचची फिल्म. तिला आवाज नसतो. स्टेडियमच्या माथ्यावरून घेतलेली, सगळं मैदान एका चौकटीत, माणसं बोटाएवढी, चेहरे हेल्मेटात. ना गर्दीची आरोळी ना शिट्टी. गुणवंतला हे फार आवडायचं. आवाज माणसाला फसवतो, असंही तो म्हणायचा.

घरचा कॅमेरा त्याच उंचीवरचा होता. आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा छाया दुबईतलं, करामा भागातलं घर सोडून पुण्याला गेली. जायचं कुणी, यावर फारशी चर्चा झालीच नाही. नोकरी त्याची होती, वडीलही त्याचेच, पण गेली ती. त्याच वर्षी त्यांचा मुलगा अंकुर कॉलेजसाठी बेंगळुरूला गेला. करामातलं घर सोडून गुणवंत ऑफिसजवळच्या एका खोलीत आला. सुट्टीत अंकुरने आजोबांसाठी म्हणून कॅमेरा बसवला, हॉलच्या कोपऱ्यात, छताला लागून, कारण आप्पांची कॉट हॉलमध्ये होती. सुरुवातीला गुणवंत सारखा फोन करायचा. इकडून व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, बॉटिम नावाच्या ॲपवरून करावा लागतो, तोही मधेच तुटतो, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. ‘आप्पांची उशी तिरकी झालीय,’ ‘त्यांना कुशीवर वळव,’ ‘आयाला सांग, चमचा एवढा भरू नकोस.’ एकदा छाया म्हणाली, “तुमचं आपलं बरंय. उंटावरून शेळ्या हाकायच्या. आणि तिथे उंटही आहेत.” तिने हसत म्हटलं होतं, पण ते त्याला लागलं. त्यानंतर तो सूचना करेनासा झाला. मग फोन कमी झाले. बघणं राहिलं. कॅमेऱ्याचा आवाज त्याने केव्हा बंद केला हे त्याचं त्यालाही आठवत नाही. ऑफिसात बसून बघताना शेजारच्याला ऐकू जायला नको, एवढंच कारण असावं.

आप्पा गेल्यावर तो दहा-बारा दिवस राहून परत आला. कॉट उचलली गेली. तिच्या जागी छायाने जेवणाचं टेबल सरकवलं. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तरी दुपारची सुट्टी झाली की त्याचं बोट त्या ॲपवर जायचं. टेबलाशी छाया बसलेली असायची. पुण्यात तेव्हा उन्हं कलायला लागायची. ती संध्याकाळची भाजी निवडत असायची, समोर वर्तमानपत्र, त्यावर पालेभाजीची जुडी. मेथी असली तर वरूनही कळायची. शेंगा असल्या की तिच्या कोपराच्या हालचालीवरून कळायचं. तिचा भांग वरून दिसायचा. तो रुंद होत चालला होता आणि हे तिला स्वतःला आरशात दिसत नसणार, असं त्याच्या मनात यायचं. तिच्याशी बोलावं असं त्या वेळी त्याला फार वाटायचं. इतकं वाटायचं, की बोलल्यासारखंच व्हायचं, आणि सुट्टी संपायची. रात्री आठवड्यातून एखाद्या वेळी फोन व्हायचा. जेवलीस का, बिल भरलं का, अंकुर काय म्हणतो. संक्रांतीच्या सुमाराला एकदा भाजी निवडता निवडता ती थांबली, मान वर केली, आणि तिने उजवा हात वर उचलला. थोडा वेळ तसाच धरला. मग खाली घेतला आणि पुन्हा निवडायला लागली. कोपऱ्यात जळमट दिसलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

“सर, आज जेवण उतरत नाही का?” शेजारच्या खुर्चीवरून अफनान म्हणाला. अफनान श्रीवर्धनचा, तिशीतला. तो राखणदार तपासायचा, म्हणजे गुणवंतच्या पोरांना अडवणारी पोरं. त्याची बायको साजिदा आणि मुलगी शारजात त्याच्याबरोबरच राहत होत्या, घरापासून तो फक्त ट्रॅफिकच्या अंतरावर होता, आणि तरी जेवताना त्याला व्हिडिओ कॉल लागायचाच. तो सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा बोलायचा. “साजिदा, सुरमई एकदम बेस्ट झालीय. मीठ थोडं जास्ती, पण चलता है. दुआ किधर है? दुआ, अब्बाला बोल, आज स्कूलमध्ये काय केलं?” आणि पलीकडून चिमुकला आवाज यायचा, “नथिंग. वी ओन्ली डिड कलरिंग.” एवढ्यासाठी रोज फोन! गुणवंतला या माणसाची गंमत वाटायची आणि थोडा रागही यायचा. आज त्याला नुसता हेवा वाटला, साधा, उघडा हेवा.

“अफनान,” तो म्हणाला, “तू घरी कॅमेरा नाही लावलास?”

“कॅमेरा? कशाला सर? साजिदा मला सोडेल का! बोलेल, शक करता है क्या?” अफनानने काटा बाजूला काढला. “आणि बघून काय करू? तीच किचन, तोच सोफा. बोललं तर काही नवीन ऐकायला तरी भेटतं. का सर, घरी प्रॉब्लेम आहे?”

“नाही रे. असंच.”

“सब ठीक होईल, इन्शाल्ला,” अफनान म्हणाला. काय ठीक व्हायचं आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण त्याच्याकडे ते वाक्य नेहमी तयार असायचं. “पण तो अकरा नंबर लॉक करा हां आज. संध्याकाळी अमेरिका उठेल, मग ओपन नाही होणार.”

अकरा नंबर हे दक्षिणेतल्या कुठल्याशा लहान कॉलेजचं पोर होतं. फाइलीत त्याचं नाव होतं, गावही होतं, पण गुणवंतच्या तोंडी तो अकरा नंबरच. रिपोर्ट लिहून झाला होता. पाय हलके, हूल देण्यात वाकबगार, हात चांगले. शेवटचं वाक्य त्याने काल लिहिलं होतं आणि लिहून मनोमन खूश झाला होता: ‘चेंडू येणार नाही हे कळलं, की हा खेळातून मन काढून घेतो. हंगामाच्या शेवटी ते स्पष्ट दिसतं.’ अशा एका वाक्याने पोराची निवड मागच्या फेऱ्यांत ढकलली जाते किंवा होतच नाही. गुणवंतला ते माहीत होतं. पण जे दिसलं ते लिहायचं, त्यात भीड कसली? आता त्याने रिपोर्ट उघडला, बाण लॉकच्या बटणावर नेला, आणि तिथून काढला. तपकिरी अंधार डोळ्यांसमोरून जाईना.

जिन्यात जाऊन त्याने अंकुरला फोन लावला. बायकोची बातमी मुलाकडून काढायची, ही पुरुषांची जुनी पळवाट. जिन्यात एसी नव्हता. भिंतीला हात लावला तर भिंत गरम.

“अंकुर, घरचा कॅमेरा बिघडलाय का रे? चित्र येत नाहीये.”

“इट्स शोइंग ऑनलाइन, बाबा.” अंकुर काहीतरी खात होता. “ओ. आईने कव्हर केलाय. शी टोल्ड मी यस्टरडे.”

“का?”

“आस्क हर ना.”

“नाही, म्हणजे, मी काही रोज बघत नाही. आज सहज उघडला...”

पलीकडचं खाणं थांबलं. “बाबा, शी नोज. कॅमेऱ्याला ब्लू लाइट आहे. कोणी ॲपवर बघत असलं की तो ऑन होतो. आय टोल्ड हर द डे आय पुट इट अप, म्हणजे आजोबांना बघताय हे तिला कळेल म्हणून. शी ऑलवेज न्यू.” मग मोठ्या माणसाच्या आवाजात, “जस्ट कॉल हर, बाबा. आय हॅव क्लास.”

गुणवंत जिन्याच्या पायरीवर बसला. सगळ्यात आधी त्याला शरम वाटली, चोरून खाताना पकडल्याची, लहान मुलाची शरम. तिला दिसत होतं. रोज दुपारी त्या कोपऱ्यात निळा ठिपका लागायचा आणि सुट्टी संपली की विझायचा, आणि ती त्याच्याखाली बसलेली असायची. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. छाया भाजी निवडायला हॉलमध्ये कशाला येत होती? करामाला असताना ती ओट्याशी उभी राहून निवडायची. बसून निवडणाऱ्या बायकांना ती हसायची. पुण्याच्या स्वयंपाकघरात खिडकी आहे, चांगला उजेड आहे, तिथे कॅमेरा नाही. आप्पांची कॉट निघाल्यावर टेबल बरोब्बर त्या चौकटीत कुणी सरकवलं? आपण त्या टेबलाच्या जागेला सोय समजलो. वर्षभर माणसांच्या जागा बघून पगार घेणारे आपण.

तो परत येऊन बसला आणि काहीतरी करायला हवं म्हणून त्याने अकरा नंबरची फिल्म पहिल्यापासून लावली. मन काढून घेतलेलं जिथे दिसलं होतं त्या शेवटच्या मॅचेस नव्हेत, हंगामाची पहिलीच मॅच. बोटाएवढं पोर कडेला उभं. खेळ सुरू झाला. पोराने डावीकडे झुकांडी दिली, राखणदार तिकडे कलला, हा उजवीकडून निघाला. आजूबाजूला कुणी नाही, हिरवळीचा मोठा तुकडा आणि त्यात हा एकटा. पळता पळता त्याने उजवा हात वर केला. मोकळा असलेला रिसीव्हर करतो तसा. क्वार्टरबॅकने दुसऱ्या बाजूला फेकलं. खेळ संपला. पुढची खेळी. पुन्हा मोकळा, पुन्हा हात वर, चेंडू पुन्हा पलीकडे. गुणवंतने हे आधी बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं, नोंदवलंही होतं. पण तो नेहमी पोराकडे बघत आला होता. आज पहिल्यांदा त्याने क्वार्टरबॅकचं हेल्मेट कुठे वळतं ते पाहिलं. ते या कडेला वळतच नव्हतं. एकदा वळलं, अगदी सरळ वळलं, पोराचा हात वर होता, आणि ते हेल्मेट शांतपणे दुसरीकडे फिरलं. मॅचमागून मॅच गेली. पोर तेवढंच पळत होतं, तेवढंच सुटं होत होतं. हात मात्र आधी खांद्यापर्यंत यायला लागला, मग कमरेपर्यंत, आणि थंडीतल्या मॅचेसमध्ये तो वर येईनासा झाला. म्हणजे पाय कधीच मंदावले नव्हते! मंदावलं होतं ते हात वर करणं, आणि यालाच त्याने मन काढून घेणं म्हटलं होतं. गुणवंतने फिल्म थांबवली. हॉलच्या कोपऱ्यात जळमट नव्हतं. हे त्याला आता कळलं, दुबईत, जाकीट घालून, एप्रिल महिन्यात.

पोरासाठी जे करायचं ते त्याने भराभर केलं. ते वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं: ‘पूर्ण हंगाम मोकळा होत राहिला. त्याच्याकडे फेकलं गेलं नाही. दोष याचा नाही.’ एकेक खेळी पुराव्याला जोडली. दोन तास तो त्या परक्या पोराची बाजू मांडत होता, तावातावाने, आणि तेवढा वेळ त्याला बरं वाटत होतं. लॉक केलं. “खलास?” अफनानने विचारलं. “खलास,” तो म्हणाला. अफनान बॅग उचलून, साजिदाला आपण निघाल्याचं मोठ्याने सांगत निघून गेला. ऑफिस रिकामं व्हायला लागलं. गुणवंतला कळत होतं, की पोराचं काम सोपं होतं. पोर पलीकडून काही बोलणार नव्हतं.

बाहेर मशिदीतून मगरिबची बांग झाली. पडद्याच्या फटीतून नारिंगी पट्टा जमिनीवर आला होता. त्याने बॉटिम उघडला आणि छायाला फोन लावला. चित्राशिवाय, नुसता आवाजाचा. लागेपर्यंत त्याने मनात वाक्यं जुळवली आणि ती सगळी सूचना दिल्यासारखी वाटली म्हणून सोडून दिली.

“बोला,” छाया म्हणाली. “आज इतक्या लवकर? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. जेवलीस का?”

“आत्ता कुठून जेवणार? कुकर लावलाय.” आणि खरंच, मागे कुकरची शिट्टी झाली. कितीतरी दिवसांत त्या घराचा आवाज त्याने असा ऐकला नव्हता. “टोपीचं विचारायचंय ना? अंकुरचा मेसेज आलाय.”

“विचारायचं असं नाही...”

“मीच घातली. आप्पांचं कपाट आवरत होते, हाताला लागली. म्हटलं, आहे तर घालू या.” ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, भांडायच्या आवाजात नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली. “राग नाही हो आला. पण तो दिवा लागला की माझं सगळं लक्ष फोनकडे जायचं. भाजी निवडायचे आणि फोनकडे बघायचे. की आता बघतायत तर करतील. मग दिवा जायचा. रोज तेच. कंटाळा आला मला वाट बघायचा. आता दिवा लागला काय नि नाही काय, मला दिसत नाही. बरं वाटतंय.”

“छाया,” तो म्हणाला. आता खरं बोलायचं, काहीही राखून ठेवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. आपल्याला कळलंय हे तिला कळलं पाहिजे, असं त्याला वाटलं. “संक्रांतीच्या वेळी, तू टेबलाशी बसली होतीस. भाजी निवडताना वर बघितलंस, आणि हात वर केलास. तो मला केला होतास ना?”

फोन तुटला असं समजून त्याने स्क्रीन बघितली. तुटला नव्हता.

“म्हणजे दिसला होता तुम्हाला,” छाया म्हणाली.

“हो,” तो म्हणाला.

“आणि मी वेडी इतके दिवस समजत होते, की तेवढ्यात नेट गेलं असेल. आपलं नेट जातंच ना सारखं. म्हटलं, दिसलं असतं तर यांनी फोन केला असता.”

“मला वाटलं, जळमट काढतेयस.”

“जळमट!” ती हसली. एवढंसंच हसली, आणि ते हसणं मधेच कुठेतरी मोडलं. “पंचवीस वर्षांत माझ्या घरात जळमट बघितलंत कधी?”

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग लक्षात आलं, की तिला ते दिसत नाही, तोंडाने सांगायला हवं. कुकरची दुसरी शिट्टी झाली, गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला, आणि ती अजून फोनवर होती.